नळी घाला

मकरपुरा जीआयडीसीच्या नाक्यावर
पत्र्याची टपरी, टपरीत पीयूसी,
पीयूसीत नटुभाई, नटुभाईंपुढे अर्धा फाफडा.
गाडीकडे न बघताच म्हणाले,
नंबर बोला, फोटो काढतो, दीडशे द्या, झालं.
मी म्हटलं, नळी घाला.
कसली नळी?
धूर तपासायची. सायलेन्सरमध्ये. घाला.

त्यांना काय ठाऊक,
या दोन हजार सहाच्या बलेनोत
कंपनीचा मेंदू राहिलेला नाही.
तो आमच्या माळ्यावर, पापडांच्या डब्यात.
त्याच्या जागी कोइमतूरहून मागवलेला
तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
सुटे भाग वेगळ्या पुडीत.
दोनशे अकरा डाग मी दिले,
चष्मा कपाळावर चढवून, एकेक,
आणि तीन चुकीच्या जागी.

मग तक्ता.
सोळा ओळी, सोळा रकाने,
दोनशे छप्पन्न घरं, प्रत्येक घरात एक आकडा:
इतक्या हवेला इतकं पेट्रोल.
रात्री जेवणं झाली की गाडीत जाऊन बसायचो
मांडीवर लॅपटॉप घेऊन.
बायको म्हणाली, लोक कोडी सोडवतात,
तू दारात कोडं उभं केलंस.

जानेवारीत सकाळी ती चालू व्हायची नाही,
झाली तर खोकायची.
दांडिया बाजारात ऐन सहा वाजता बंद पडली,
मागच्या रिक्षावाल्याने माझ्या कुळाचा उद्धार
गुजरातीत केला, मग आपलं माणूस ओळखून मराठीत.
कच्च्या पेट्रोलचा वास
शेजारच्या मंगलाताई खानविलकरांच्या
वाळत घातलेल्या चादरींना लागायचा.
त्या बोलायच्या नाहीत.
खिडकी लावून घ्यायच्या, एवढंच.
कडी मला ऐकू यायची.

मी आकडे उतरवत गेलो.
एक घर, अर्धा टक्का.
परत एक घर.
मार्चमधल्या एका रात्री
इंजिन वीस मिनिटं चालू होतं
आणि वर मंगलाताई
उघड्या खिडकीत शेंगा सोलत होत्या.

तर, नळी घाला.

नटुभाईंनी भाच्याला हाक मारली.
नळी खिळ्याला टांगलेली.
तिच्या तोंडात कुंभारमाशीने
मातीचं घर बांधलेलं, दोन खोल्यांचं,
आणि माशी केव्हाच सोडून गेलेली.
भाच्याने ते स्क्रू-ड्रायव्हरने उकरलं,
फुंकर मारली, मशीनला प्लग लावला.
मशीन बराच वेळ विचारात पडलं.
मीही.

मग आकडे हलले.
एक पूर्णांक काहीतरी, तिथून खाली,
खाली, शून्य दशांश तीन,
एकदा वर उडी (माझ्या पोटात गोळा),
मग शून्य दशांश एक आठ. थांबले.
मर्यादा अर्ध्या टक्क्याची.

नटुभाई फाफडा ठेवून उठले,
बोटं रुमालाला पुसली,
पडद्याशी वाकून बघत राहिले.
अरे, म्हणाले,
आमचं मशीन चालतं!

गाडीबद्दल चकार शब्द नाही.
त्यांनी आपली स्कूटर ओढत आणली,
भाच्याला म्हणाले, हिला पण लाव.
तो आकडा मी सांगत नाही.
त्यांनीही मला सांगू नका म्हटलं, दीडशे परत करत.
मी घेतले नाहीत.

कागद मिळाला. सहा महिने.
खिशात घालून निघालो.

एक गोष्ट राहिली.
स्टिअरिंगखाली, डाव्या गुडघ्याजवळ
एक काळं बटण आहे.
एकवर हा तक्ता, नळीतून गेलेला.
दोनवर दुसरा, हालोलच्या रस्त्यावर
रात्री अकरानंतरसाठी लिहिलेला,
त्यात पेट्रोलला मी हात आखडला नाही.
नटुभाईंनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
असं मी गोल्डन चौकडीपर्यंत स्वतःला सांगत होतो.

सिग्नल लाल.
उजवीकडे हालोल. सरळ घर.
मंगलाताईंच्या चादरी आज बाहेर असतील, शनिवार आहे.
गुडघा बटणाला लागत होता.
मी पाय जरा आत घेतला.
जरासाच.